सन १८९६ : दोन आगगाड्या

चित्रपटाच्या जन्माची एक गोष्ट आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा ऐकलेली असते. पॅरिसमधल्या एका उपाहारगृहाच्या तळघरात पांढरा पडदा लावलेला होता. दिवे मालवले. पडद्यावर दूरवर एक आगगाडी दिसू लागली. ती मोठी मोठी होत पुढे आली, आणि आता ही अंगावर येणार असे वाटून प्रेक्षकांनी एकच किंकाळी फोडली. कोणी खुर्चीखाली दडले, कोणी दाराकडे धावले, बायका घेरी येऊन पडल्या. सांगणारा जितका रंगेल तितकी या गोष्टीत भर पडते, आणि ऐकणारा जितका शहाणा असेल तितका तो जास्त हसतो. ‘काय भोळी माणसे होती पूर्वीची!’ असे म्हणून आपण पुन्हा फराळाच्या ताटाकडे वळतो.

गोष्ट गोड आहे यात शंका नाही. पण तारखा जुळवायला बसले की तिचे एकेक चाक निखळू लागते. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसच्या ग्रां काफेत पैसे घेऊन पहिला खेळ केला तो २८ डिसेंबर १८९५ रोजी. ज्या तळघरात तो झाला त्याचे नाव, गंमत पाहा, ‘हिंदुस्थानी दिवाणखाना’ असे होते. पैसे देऊन आलेले प्रेक्षक अवघे तेहतीस. त्या रात्री दहा लहान लहान चित्रे दाखविली गेली. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार होते, बागेत पाणी घालणाऱ्या माळ्याची फजिती होती, बाळाचे जेवण होते; पण त्या दहांत आगगाडी नव्हतीच! ती पडद्यावर आली पुढच्या महिन्यात, म्हणजे १८९६ च्या जानेवारीत. आज पुस्तकांतून आणि माहितीपटांतून जो ला सिओता स्थानकावरचा तुकडा आपल्याला दाखवितात तो तर १८९७ च्या उन्हाळ्यातला मानला जातो. त्यात ल्युमिएरांच्या घरचीच माणसे फलाटावर दिसतात.

तो तुकडा नीट पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. यंत्र फलाटावर उभे आहे. गाडी उजवीकडून, दुरून येते, तिरपी होत डाव्या बाजूने निघून जाते आणि थांबते. दारे उघडतात, माणसे उतरतात, चढतात, आणि चित्र संपते. गाडी आपल्या अंगावर येतच नाही. रोज स्टेशनावर उभे राहून पाहावी तशीच ती शेजारून जाते. मार्टिन लॉयपर्डिंगर नावाच्या जर्मन अभ्यासकाने या पळापळीचा पुरावा कसून शोधला. त्या काळच्या वृत्तपत्रांत, पोलिसांच्या कागदांत, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या लिखाणांत कोठेही, लोक उठून पळाले असे त्याला आढळले नाही. आश्चर्य केल्याचे उल्लेख आहेत, अंगावर काटा आल्याचे आहेत. पण खुर्च्या उलथल्याचे नाहीत.

मग ही दंतकथा आली कोठून? तिचा उगम मोठा बोलका आहे. १९०१ साली रॉबर्ट पॉल या इंग्रज निर्मात्याने एक विनोदी चित्र काढले. एक खेडवळ माणूस प्रथमच चलच्चित्र पाहायला येतो आणि पडद्यावरच्या आगगाडीला भिऊन धूम ठोकतो, एवढाच त्याचा विषय. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एडविन पोर्टरने याच कल्पनेवर दुसरे चित्र तयार केले. त्यातला खेडवळ काका पडद्यावरच्या गाडीपासून पळतो आणि शेवटी पडदाच ओढून फाडतो. म्हणजे पडद्याला पाहून पळणारा माणूस हा आधी पडद्यावरच जन्माला आला. शहरातल्या प्रेक्षकाने आपल्या शहाणपणाची खातरी करून घेण्यासाठी रचलेली ती थट्टा होती. पुढे थट्टेतला खेडवळ गळून पडला आणि त्याच्या जागी इतिहासात ‘पहिला प्रेक्षक’ बसला.

या थट्टेचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. पण आपल्याला त्याचे बरेच काही आहे. कारण १८९६ च्या त्या वर्षात पडद्यावरची आगगाडी जगभर फिरत फिरत मुंबईलाही आली होती. आणि त्याच वर्षी मुंबईची माणसे खरोखर जिवाच्या भीतीने पळालीही होती. फक्त ती पडद्यावरच्या गाडीपासून पळाली नाहीत.

तेथे जाण्याआधी आगगाडी आणि चलच्चित्र यांचे नाते थोडे पाहिले पाहिजे. कारण या दोघांची गाठ केवळ योगायोगाने पडलेली नाही. अमेरिकेत पूर्व आणि पश्चिम किनारे जोडणाऱ्या लोहमार्गाचे शेवटचे टोक १० मे १८६९ रोजी जुळले. त्या समारंभात सोन्याचा खिळा ठोकणारे लेलँड स्टॅनफर्ड हे सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष. त्यांना घोड्यांचा नाद होता. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यांनी एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराला पैसा आणि जागा दिली. १८७८ च्या जूनमध्ये मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले, त्यांच्या दोऱ्या घोड्याच्या वाटेत ताणल्या, आणि घोडा धावत गेला तसतशी एकेक दोरी तुटून एकेक चित्र उमटले. घोडा क्षणभर अधांतरी असतो हे सिद्ध झाले, आणि गती तुकड्यातुकड्यांनी पकडता येते हेही सिद्ध झाले. चलच्चित्राच्या पाळण्याची दोरी अशी रेल्वेच्या पैशाने हलली.

दुसरे नाते खिडकीचे. आगगाडी येण्यापूर्वी माणूस बैलगाडीत बसे, डुलत डुलत जाई, वाटेतल्या झाडाखाली उतरून भाकरी सोडी. देखावा त्याच्याबरोबर चाले. आगगाडीने त्याला बाकावर बसविले, समोर एक चौकट दिली आणि त्या चौकटीतून शेते, नद्या, पूल, माणसे झपाझप पळविली. बसलेला माणूस आणि पळणारे चित्र ही मांडणी चित्रपटगृहाच्या आधी रेल्वेच्या डब्यात तयार झाली होती. भोरघाटातून गाडीने जाणाऱ्या मुलाला आजही हे सांगावे लागत नाही. बोगद्यात अंधार होतो, मग एकदम दरी आणि धबधबा उजळून निघतो, पुन्हा अंधार होतो. पडद्याचा खेळ यापेक्षा निराळा काय असतो?

आणि तरी दोघांच्या पोटातली यंत्रे अगदी उलट. आगगाडीचे चाक अखंड फिरले पाहिजे. ल्युमिएरांच्या यंत्राचे मर्म मात्र थांबण्यात होते. कपडा शिवताना शिवणयंत्र जसे कापड थोडे सरकविते, थांबते, टाका घालते आणि पुन्हा सरकविते, तशी फीत एका सेकंदात सोळा वेळा सरकायची आणि सोळा वेळा थांबायची. शिवणयंत्रावरूनच लुई ल्युमिएर यांना ही युक्ती सुचली. सुमारे सतरा मीटर लांबीची फीत, पन्नास सेकंदांचा खेळ, आठशेच्या आसपास चित्रे. म्हणजे पडद्यावर धावणारी आगगाडी ही वस्तुतः आठशे वेळा उभी राहिलेली आगगाडी होती!

आता मुंबईकडे वळू. ल्युमिएरांचा एक माणूस, मारियस सेस्तिए, हा यंत्र आणि फिती घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाला होता. वाटेत तो मुंबईत उतरला. ७ जुलै १८९६, मंगळवार. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात खेळ ठेवले होते. ही इमारतही पाहण्यासारखी होती. तिचा लोखंडी सांगाडा विलायतेत घडवून, जहाजावर चढवून मुंबईला आणला आणि येथे जुळवून उभा केला होता. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत या खेळाला शतकातले नवल म्हटले होते. तिकीट एक रुपया. कार्यक्रमात सहा चित्रे, आणि त्यांतले एक ‘आगगाडीचे आगमन’.

रुपया ही त्या काळी थोडीथोडकी रक्कम नव्हे, आणि वॉटसन हे काही गिरगावकरांचे जाण्याचे ठिकाण नव्हते. पण आठवडाभरातच, १४ जुलैपासून, हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले. हे थिएटर बोरीबंदरच्या स्थानकापासून हाकेच्या अंतरावर होते. पुढे त्याच जागी एक्सेल्सियर उभे राहिले. तेथे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवले गेले. पडदानशीन स्त्रियांना कुटुंबासह बसता यावे म्हणून निराळ्या जागा राखल्या गेल्या. चार आण्यांचे तिकीट आणि बायकामुलांसाठी बसण्याची सोय या दोन गोष्टी एका महिन्यात ठरून गेल्या, आणि आपल्याकडचे सिनेमाचे अर्धे भविष्यही तेव्हाच ठरले म्हणायला हरकत नाही.

आता विचार करा, चार आण्यांच्या बाकावर बसलेला तो मुंबईकर पडद्यावरच्या आगगाडीला भ्याला असेल काय? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने. तोफांची सलामी झडली. तेव्हा मात्र लोकांनी खरोखर तोंडात बोटे घातली होती. बैल नाही, घोडा नाही, आणि गाडी पळते. हा कोणी चाक्या म्हसोबा असावा म्हणून त्याला भोळ्या भाविकांनी हात जोडल्याचे जुनी माणसे सांगत. पण त्या गोष्टीला १८९६ साली त्रेचाळीस वर्षे झाली होती. भोरघाट चढून गाडी पुण्याकडे धावू लागली त्याला तेहतीस वर्षे झाली होती. स्टीव्हन्ससाहेबांचे बोरीबंदरचे भव्य स्थानक पुरे होऊन आठ वर्षे लोटली होती. नॉव्हेल्टीतला प्रेक्षक खेळ पाहून बाहेर पडे तेव्हा त्याच्या कानांवर खऱ्या इंजिनाची शिटी येत असे. त्याला नवल वाटले असेल ते गाडीचे नव्हे, तर गाडी भिंतीवर चालते आणि आवाज मात्र करत नाही याचे.

नेमके हेच नवल त्याच जुलैत दुसऱ्या एका माणसाला वाटले होते. रशियातल्या निझनी नोवगोरोदच्या प्रदर्शनात मॅक्सिम गॉर्की या तरुण लेखकाने ल्युमिएरांची चित्रे पाहिली आणि वर्तमानपत्रात लेख लिहिला. गाडी जणू अंगावर येईल असे वाटते, हे त्याने लिहिले आहे; पण लगेच पुढे म्हटले आहे की ही तर छायांची गाडी. रंग नाही, आवाज नाही, चाकांचा खडखडाट नाही. सारे करडे, मुके जग. त्याला भीती वाटली ती चिरडले जाण्याची नव्हे, तर त्या मुकेपणाची.

सेस्तिएचे खेळ ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालले आणि तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. तेथे त्याने मेलबर्नच्या घोड्यांच्या शर्यतींची चित्रे घेतली. त्यांत शर्यतीला येणाऱ्या शौकिनांची आगगाडी फलाटाला लागते, असाही एक तुकडा आहे. मुंबईला पडद्यावरची गाडी दाखवून गेलेल्या माणसाने काही महिन्यांत स्वतःच्या हाताने एक गाडी पडद्यासाठी टिपली.

आणि इकडे मुंबईत?

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागातल्या रोग्यांना तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी जाहीर केले की हा ताप साधा नाही; ही गाठीची साथ आहे, प्लेग आहे. पहिल्याने पुष्कळांनी कानांवर हात ठेवले. पण मांडवीतून ती साथ गल्लोगल्ली शिरली. उंदीर पडू लागले, मग माणसे पडू लागली. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ च्या फेब्रुवारीअखेर त्यांतली निम्म्याच्या जवळपास माणसे शहर सोडून गेली असा अंदाज आहे. गिरण्या माणसांवाचून अडल्या. कोकणातले चाकरमाने बंदरावर आगबोटीसाठी गर्दी करू लागले; घाटावरचे, देशावरचे बोरीबंदराकडे धावले. बोचकी, तांब्या-पितळेची भांडी, कडेवरची पोरे, आजारी म्हातारी माणसे, आणि डब्याच्या दाराला लोंबकळणारे हात, असे फलाटावरचे दृश्य झाले. ज्या वर्षाच्या पावसाळ्यात मुंबईकराने चार आणे देऊन पडद्यावर आगगाडीचे येणे पाहिले, त्याच वर्षाच्या हिवाळ्यात तो जीव मुठीत धरून आगगाडीचे जाणे पाहत होता.

लोक पळाले ते असे. पडद्याला भिऊन नव्हे, आगगाडीपासून दूर नव्हे, तर आगगाडीकडे.

आणि ज्या गाडीने ते सुटले त्याच गाडीने साथही पुढे गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. स्थानकांवर उतारूंना उतरवून तपासू लागले. काखेत, जांघेत गाठ आहे काय ते डॉक्टर हाताने चाचपून पाहत. आणि हा प्रकार बायकांच्या वाट्यालाही भर फलाटावर आला तेव्हा लोकांचा संताप अनावर झाला. पुण्यात साथ पसरली. रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. रँडसाहेबाच्या कारभाराने पुणे पोळून निघाले, आणि २२ जूनच्या रात्री चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. हा सारा इतिहास आपण शाळेत शिकतो; पण त्याच्या अलीकडे दोन-तीन महिन्यांवर, त्याच शहरात, वॉटसन हॉटेलातला तो पडदा होता हे आपण विसरतो. पाठ्यपुस्तकात सिनेमा एका पानावर असतो आणि प्लेग दुसऱ्या पानावर. वर्ष मात्र एकच होते, आणि माणसेही तीच होती.

ज्यांनी पुढे आपल्याकडे सिनेमा उभा केला तीही याच पिढीतली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांचा मुंबईत छायाचित्रांचा धंदा होता. ल्युमिएरांचे खेळ पाहून त्यांनी एकवीस गिनी खर्चून विलायतेहून यंत्र मागविले आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्र घेतले. साथ अजून सरली नव्हती. तरी दोन मल्ल मातीत उतरले आणि एका मराठी माणसाने ते टिपून ठेवले. धुंडिराज गोविंद फाळके तेव्हा गोध्र्याला छायाचित्रकार होते. प्लेगने तेथे त्यांची पहिली पत्नी आणि मूल नेले, आणि त्यांनी ते गाव सोडले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला. पत्नी आणि मुलगा यांची ताटातूट, स्मशान, आणि शेवटी सारे परत मिळणे, अशी ती कथा. फाळक्यांनी ती का निवडली याचे उत्तर त्यांच्या पुराणभक्तीत आहेच. पण गोध्र्याचे दुःख ठाऊक असणाऱ्याला ती कथा थोडी निराळी दिसते, एवढे खरे.

पडद्यावरची आगगाडी पुढे खूप धावली. १९०३ साली ज्या पोर्टरने भित्र्या काकाची थट्टा केली होती त्यानेच आगगाडीवरच्या दरोड्याचे चित्र काढले, आणि शेवटी एका दरोडेखोराला थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडायला लावले. १९२६ साली बस्टर कीटनने ‘द जनरल’साठी खरे इंजिन खऱ्या जळत्या पुलावरून नदीत पाडले, तो सांगाडा दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी काढीपर्यंत पाण्यातच पडून होता. आपल्याकडे ‘शोले’तल्या मालगाडीच्या झटापटीसाठी पनवेलजवळच्या लोहमार्गावर सात आठवडे खपावे लागले. अवतार कृष्ण कौल यांनी ‘२७ डाऊन’मध्ये बोरीबंदरची खरी गर्दी टिपली.

पण एवढ्या गाड्यांत मला १८९६ चे उत्तर वाटते ती एकच. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या कादंबरीत दुर्गा नावाची मुलगी आगगाडी पाहण्याची हौस मनात घेऊन, ती न पाहताच मरते. सत्यजित राय यांनी १९५५ च्या आपल्या चित्रपटात हे बदलले. काश नावाच्या गवताचे पांढरे तुरे डोलत आहेत, त्यातून दुर्गा आणि तिचा भाऊ अपू धावत जातात, आणि काळा धूर सोडीत गाडी समोरून निघून जाते. या दृश्याचे अर्धे चित्रण झाल्यावर राय आठवड्याने परत गेले, तर गुरांनी ते सारे तुरे खाऊन टाकले होते! हातात पैसा नव्हता. तरीही पुन्हा तुरे येईपर्यंत त्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहिली. दुर्गेला गाडी दिसली पाहिजे, आणि ती याच गवतातून दिसली पाहिजे, यापुढे त्यांना घाई महत्त्वाची वाटली नाही.

त्या दृश्यात खेड्यातली दोन मुले आहेत. त्यांनी आगगाडी कधी पाहिलेली नाही. पॉलच्या आणि पोर्टरच्या थट्टेप्रमाणे त्यांनी भिऊन पळायला हवे होते. ती पळतातच, पण गाडीच्या दिशेने. साठ वर्षे इतिहासात चिकटून बसलेल्या त्या कुचेष्टेला याहून सौम्य आणि याहून पुरते उत्तर दुसरे कोणते देणार?

वॉटसन हॉटेलची ती लोखंडी इमारत काळाने जर्जर केली. नॉव्हेल्टी गेले. डॉ. व्हिएगस यांचा पुतळा मात्र धोबीतलावाला उभा आहे, आणि तोही नेमका मेट्रो सिनेमासमोर. दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन सिनेमाला जाल तेव्हा क्षणभर त्या बाजूला पाहावे. आणि गावी जायला बोरीबंदरहून गाडीत बसाल तेव्हा खिडकीची जागा लहानांना द्यावी. त्या चौकटीतून काय काय धावत गेले आहे, ते त्यांना मोठेपणी कळेल. आज नुसते पाहू द्यावे.